तांबड्या पेरूची आई

अहो,

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र असं कधी लिहिलंच नाही. लांब राहायची वेळ आली नाही, तर पत्र कशाला? आता लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. ‘प्रिय’ लिहिलं, लाजले आणि खोडलं. या वयात! हसू नका.

बातमी चांगली आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही गेलात तरी तुमच्या छातीची धास्ती काही माझ्या मनातून जात नाही. लेकीला, नेहाला फोनवर सांगितली, शेजारी सांगितली, जैन बस्तीत दर्शनाला आलेल्या बायकांना सांगितली. सगळ्यांनी ‘बरं झालं’ म्हटलं. पण काय बरं झालं, हे ज्याला पुरतं कळलं असतं असा माणूस एकच होता. म्हणून हा कागद.

मधूनच सांगत नाही. तुम्हाला पहिल्यापासून सांगितलेलं लागायचं, वर्गात काय नि घरात काय!

आपल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही माझ्या माहेराहून, हातकणंगल्याहून, काय आणलंत आठवतं? माझ्या भावानं, सुकुमारनं दिलेली टॉवेल-टोपी तिथंच विसरलात. आमच्या घरामागच्या परड्यातल्या पेरूच्या फांदीला माती बांधून मुळं फुटवलीत, आणि ती गुटी ओल्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीत बसलात. शेजारी नवी बायको आणि मांडीवर पेरू! कंडक्टर म्हणाला, “पावणं, बाळाचं तिकीट?” तुम्ही तोंड सरळ ठेवून म्हणालात, “दात आलं न्हाईत अजून.” अख्खी गाडी हसली. मी पदरात तोंड लपवलं. हा माणूस शाळेत शास्त्र शिकवतो म्हणे, असं मनात म्हणाले.

ते झाड कुरुंदवाडात आपल्या मळ्यात लागलं, वाढलं, फळाला आलं. पांढरा गर, कागदासारखी साल, आणि वास! एक पिकला पेरू सोप्यात ठेवला की माजघरात कळायचं. पण बिया म्हणजे नदीतले खडे. तुमच्या आई कवळी काढून हातात धरायच्या, गर चोखायच्या, बिया वाटीत टाकायच्या आणि म्हणायच्या, “सुनेच्या माहेरचा पेरू गोड हाय, पर सुनंगत टणक हाय.” तुम्ही तेव्हाच म्हणालात, “वास हाच ठेवायचा. बिया तेवढ्या बदलायच्या.”

मला वाटलं, गंमत करताय. तुम्ही कुठली गंमत करणार! रस्त्याकडेच्या नर्सरीतून तांबड्या गराच्या पेरूचं रोप आणून उंच बांधावर लावलंत. त्याच्या बिया मऊ, रंग बघत राहावा असा. पण चव पाणचट आणि वास नावाला नाही. एकाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं, असं दोघांचं लग्न लावायचं तुम्ही ठरवलंत. मी म्हटलं, “देवानं केलंय ते बरं की.” तर म्हणे, “देवानं मधमाशीला जे काम दिलंय, तेवढंच मी करतोय.”

त्या मधमाशीपायी मी किती चिडले, आज सांगते. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळीच उघडायची. आतले पुंकेसर चिमट्यानं एकेक करून काढायचे, म्हणजे तिला तिचेच पराग मिळायला नकोत. मग तिच्यावर कागदी पिशवी बांधायची, आणि सकाळी तांबड्याचे पराग नेहाच्या रंगपेटीतल्या ब्रशनं लावायचे. सगळं मान्य. पण संध्याकाळीच का हो? आपल्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण. तुम्ही यायचा ते अंधार घेऊन. हात धुवायचा, अन्नपाणी काही न घेता आडवे व्हायचा, आणि पोटात कावळे असताना तोंडावर ते हसू! तुमच्या ताटातली भाकरी सकाळी म्हशीच्या पुढ्यात. पर्युषणात घडले नाहीत एवढे उपवास तुम्हाला त्या पेरूनं घडवले.

माझ्या माहेरच्या झाडाला धरलेली ती पिशवीतली फळं पिकली. त्यांच्या बिया तुम्ही काळ्या पिशव्यांत टोचल्यात. शेजारी आणखी पिशव्या, त्यांत नुसत्या तांबड्याच्या बिया. मी विचारलं, या कशाला? म्हणालात, “ताळा करायला. गणितात करत न्हाईस?” प्रत्येक पिशवीला पट्टी खोचलीत, पट्टीवर पेनानं खूण केलीत. रोपं वीतभर झाली, हातभर झाली.

आणि पूर आला.

शेजारच्या घरात लोक टीव्ही, फ्रिज, गाद्या वर चढवत होते. तुम्ही पेरूची रोपं वाहत होता. “माझी शिलाई मशीन!” म्हणून मी ओरडले, तर म्हणालात, “मशीन परत मिळतंय सुलू, हे न्हाय मिळत.” शाळेच्या माडीवर माणसं, शेरडं, बोचकी आणि आपल्या पिशव्या. झोपायला जागा करायची म्हणून कोणी इकडं सरकवल्या, कोणी तिकडं. काही पायाखाली गेल्या. पाणी ओसरून घरी आलो तेव्हा अर्धीच रोपं राहिली होती. पट्ट्या गळाल्या होत्या, ज्या होत्या त्यांवरची शाई गेली होती. पानं सगळ्यांची सारखी. कुठलं रोप कुठल्या बीचं, ते सांगायला कोणी नाही.

आणि मळ्यातली पेरूची आई? गुडघाभर गाळात उभी होती. पानं पिवळी पडली, गळाली. दिवाळीपर्यंत ती वाळून गेली. तुम्ही खोडावर नख ओढून बघायचा, हिरवं दिसतंय का. रोज बघायचा. माझ्या माहेरचं झाड ते, पण जास्त दुःख कुणाला झालं ते मला दिसत होतं.

उरलेली रोपं सगळी सरमिसळ लावलीत. पुढं ती फळाला आली तेव्हा काय एकेक तऱ्हा! कुणी खडे, कुणी पाणी, कुणाला चवच नाही. तुम्ही प्रत्येकाची फोड तितक्याच आदरानं खायचा, जसा वर्गातल्या ढ मुलाचा पेपरही पुरता वाचायचा.

मग विहिरीच्या कोपऱ्यातलं झाड फळाला आलं. तो दिवस मी विसरायची नाही. ओट्यावर बसून पेरू चिरलात आणि चाकू तसाच हातात राहिला. आत फिकट तांबूस गर. तुम्ही एक फोड खाल्लीत, डोळे मिटलेत, आणि दुसरी भर दिवसा माझ्या तोंडात घातलीत. शेजारच्या काकू बघत होत्या! आधी वास आला. मग गोडी. आणि बिया दाताखाली राजगिऱ्यासारख्या फुटल्या. मी म्हटलं, “आमचं परडं हो हे! आमच्या परड्याचा वास!”

तुम्ही म्हणालात, “जिभेला पुरावा म्हणत नाहीत, सुलू.” पण गाल सांगत होते की तुम्हालाही तेच वाटतंय.

पुढच्या वर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये शेतकऱ्यांचा मेळावा होता. तुम्ही टोपलीभर पेरू नेलेत. लोकांनी खाल्ले, वाहवा केली, रोपं मागितली. आणि तो नर्सरीवाला उठला. तांबडा ज्याच्याकडून आणला होतात, तोच. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मास्तर, माझ्याच नर्सरीचं की हे! नाव बदललं म्हणून बाप बदलतोय व्हय?”

हॉल हसला. मी बायकांच्या बाजूला बसले होते, माझ्या कानशिलांत आग झाली. आता उठतील, आता बोलतील, म्हणून मी तुमच्याकडं बघत राहिले. शाळेत आवाज चढवला की पाखरं उडायची, असा तुमचा आवाज! तुम्ही खाली वाकून उरलेले पेरू टोपलीत भरलेत आणि चला म्हणालात. बस.

गावाला तेवढंच पाहिजे होतं. ‘बाप बदललेला पेरू’ म्हणून नाव पडलं. भाजी घ्यायला गेलं तरी कुणी तरी हसून विचारायचं, “काय वहिनी, कुणाचा पेरू हाय ह्यो?”

मी तुमच्यावर धुमसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गाठलं तुम्हाला. म्हटलं, “तोंड शिवलं होतं का तुमचं? तो खोटं बोलला आणि तुम्ही ऐकून घेतलंत?”

तुम्ही पाटाच्या पाण्यात हात धुवत होता. वर न बघता म्हणालात, “तो खोटं बोलला असं मी कशावरून म्हणू? पट्ट्या पुरात गेल्या. टणक बिया सहसा वरचढ ठरतात, मऊ बिया अशा सहज उतरत नाहीत. हे झाड नुसत्या तांबड्याच्या बीचं असायचाच संभव जास्त. तसं असलं तर तो म्हणतोय ते बरोबरच आहे.”

“आणि वास?”

“वास तुला येतो, कारण तुला यायला हवाय.”

हे लागलं हो मला. फार लागलं. तरी मी म्हटलं, “मग तपासून घ्या की. आपली तबस्सुम त्याच कामात हाय न्हवं?” बागवानांची तबस्सुम, फळांच्या गाड्यावरच्या बापाची पोर, तुमची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. झाडांच्या वंशाचं शिकून आता विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असते. तुम्ही मान हलवलीत. “तपासायला आई आणि बाप दोघांची पानं लागतात. बाप बांधावर हाय. आई कुठं राहिली? पोराची ओळख कोण पटवणार?”

खरंच होतं. मळ्यातलं झाड पुरात गेलेलं. आणि माहेरचं मूळचं झाड सुकुमारनं मागच्या दोन खोल्या वाढवताना तोडलेलं.

तेव्हापासून तुम्ही त्या झाडाचं एकही रोप कुणाला दिलं नाहीत. लोक मागायला यायचे. “ज्याचं मूळ मला ठाऊक नाही, ते माझं म्हणून देणार नाही,” एवढंच म्हणायचा. बरं, माझं म्हणून नका देऊ, पेरू म्हणून द्या! पण तुम्ही कसले ऐकताय. त्या हंगामात झाड वाकलं होतं फळांनी आणि तुम्ही एक फोड तोंडात घातली नाहीत. मी चिरून पुढं ठेवायची, तुम्ही म्हणायचा, “नंतर.” नंतर कधी हो? एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. हातातला पेपरसुद्धा खाली पडला नव्हता.

माणूस गेल्याचं दुःख असतं, ते सगळ्यांनाच असतं. पण मला वेगळंच काही तरी सलत होतं. तुम्ही खोटे ठरला असता तर मी सोसलं असतं. खरे ठरला असता तर नाचले असते. पण तुम्ही यातलं काहीच न ठरता गेलात. स्वतःच्या हातांनी केलेलं काम आपलं आहे की नाही, हे ठाऊक नसलेला माणूस कसा जात असेल? हे माझ्या मनातून जाईना.

तबस्सुम भेटायला आली. बराच वेळ तुमच्या फोटोकडं बघत बसली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी पेरू चिरून दिला. तिनं खाल्ला आणि थांबली. “काकू, हे काय आहे?” मग मी सगळं सांगितलं, मेळाव्यापासून विहिरीपर्यंत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “सरांनी मला एकदा विचारलं असतं तर!” म्हणाली. मग नाक पुसून एकदम तुमच्यासारखी झाली, प्रश्न विचारायला लागली. “मूळ झाडाचं काहीच राहिलं नाही? एखादा फुटवा? कुणी गुटी नेलेली?”

मी तिथूनच सुकुमारला फोन लावला. तो म्हणाला, “अक्का, झाड कवाच तोडलंय की! तिथं बाथरूम हाय आता.” आणि मागून त्याच्या बायकोचा, पद्माचा आवाज आला, “अहो, त्या पाइपापाशी येतंय की सारखं काय तरी! मी छाटून छाटून दमले. वन्संना सांगा, घेऊन जावा म्हणावं!”

आम्ही त्याच आठवड्यात हातकणंगल्याला गेलो. बाथरूमच्या भिंतीला लागून, जिथं सांडपाणी पडतं तिथं, कमरेएवढं झुडूप. पद्मानं त्यावर फरशी पुसायची फडकी वाळत घातली होती. मी दिवाळीला तिथंच पाय धुतले होते हो! पाय धुतले आणि पुढं गेले. पान चुरगाळलं, तर पेरूच. माझ्या जिवात जीव आला.

तबस्सुम म्हणाली, “काकू, घाई करू नका. फळ पडून बी रुजली असेल तर हे वेगळं झाड झालं, त्याचा उपयोग नाही. जुन्या मुळातून फुटलं असेल तरच हे ते झाड.”

“मग कसं कळायचं?”

“खणून.”

सुकुमारनं कुदळ आणली. पद्मा डोक्यावर उभी. “पाइप फोडशीला हां! मागच्या वेळी सुद्धा फोडलासा!” तो माती ओढतोय, ती ओरडतेय, आणि मी भिंतीला टेकून मनात णमोकार म्हणतेय. थोडं खोल गेल्यावर कुदळ ठेवून त्यानं खुरपं घेतलं. मग तबस्सुमनं त्याला बाजूला केलं. चांगला सलवार-कमीज घातलेली पोर, साबणाच्या चिखलात गुडघे टेकून बसली आणि हातानं माती काढायला लागली. काढता काढता थांबली. मला वाटलं, संपलं.

“काकू!” ती ओरडली. इतका वेळ पुस्तकासारखं बोलणारी, एकदम कुरुंदवाडची झाली. “काकू, जोडलेलं हाय! बघा की, जोडलेलंच हाय!”

मनगटाएवढं काळं मूळ बाथरूमच्या पायाखालून बाहेर आलं होतं, आणि ते फुटवे त्याच्यावरच उभे होते. एवढं सिमेंट डोक्यावर घेऊन ती पेरूची आई आत जिवंत होती. सुकुमारनं टोपी काढली. का काढली, त्यालाच ठाऊक. पद्मा गप्प झाली, आणि तुम्हाला माहीत आहे ते किती मोठं आहे!

तिथली पानं, बांधावरच्या तांबड्याची पानं आणि विहिरीच्या कोपऱ्यातल्या झाडाची पानं, तिन्ही वेगवेगळी बर्फाच्या डब्यात घालून तिनं नेली. जाताना दारात थांबली. “काकू, एक सांगते. निकाल उलटाही येऊ शकतो. तो नर्सरीवाला म्हणाला तसं निघालं तर?”

मी म्हटलं, “तर मीच सोसायटीत जाऊन सांगीन. सरांनी तेच केलं असतं.” म्हटलं खरं, पण दार लावलं आणि नको नको ते मनात यायला लागलं. मी उगाच उकरून काढलं का? झाकलेलं होतं ते बरं होतं का? तुम्ही असता तर म्हणाला असता, खरं ते खरं. म्हणायला सोपं आहे हो! इथं एकटीनं फोनची वाट बघायची होती.

आणि फोन आला. मी शेंगदाण्याची चटणी करत होते. एका हातात फोन, दुसरा मिक्सरच्या झाकणावर.

“काकू, बसलाय ना?”

“न्हाय. बोल.”

“झाड सरांचंच आहे. निम्मं तुमच्या माहेरचं, निम्मं बांधावरच्या तांबड्याचं. तिसरं कुणीही नाही. सरांनी पिशवी अशी बांधली होती की माशीसुद्धा आत शिरली नाही.” मग म्हणाली, “आणि काकू, वास तुम्हाला उगाच येत नव्हता.”

पुढं ती काय बोलली ते ऐकलं नाही, कारण हाताखालचा मिक्सर चालू झाला तो तसाच राहिला. चटणीचं पीठ झालं. तीच खाल्ली दोन दिवस, फार चांगली लागली.

रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. डोक्यावरची भरलेली घागर उतरवली की मान कशी आपोआप वर होते, तसं झालं. मळ्यात गेले. झाडाखाली उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, “ऐकलंत का? तुमचंच आहे!” पलीकडच्या रानातला बाबू म्हणाला, “काय वं काकू?” मी म्हटलं, “तुला न्हाय.”

ऐकलंत का पण? आता तरी ऐका. पुरात पट्ट्या गेल्या, खुणा गेल्या, तुमचा स्वतःवरचा भरवसा गेला. पण संध्याकाळच्या उजेडात तुम्ही जे केलंत ते गेलं नाही. ते झाडाच्या आत होतं. टणक बियांना मागं टाकून मऊ बिया पुढं आल्या, त्याचं तबस्सुमलाही नवल वाटतंय. म्हणाली, “तुमच्या माहेरच्या झाडातच कुठं तरी मऊपणा लपलेला असणार.” तुमच्या आईंना हे ऐकवायला पाहिजे होतं!

काल तो नर्सरीवाला घरी आला. बातमी फिरत फिरत गेली असणार. खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, “वहिनी, मी आपलं गमतीनं बोललतो. सरांनी मनाला लावून घेतलं.”

मी चहा दिला. पेरू दिला नाही. म्हटलं, “गंमत चारचौघांत केलीसा. आता खरं बी चारचौघांतच सांगा.”

“सांगतो की. त्यात काय.” चहा संपवला, उठला, दाराशी जाऊन वळला. “वहिनी, चार काड्या कलमाला मिळतील काय?”

काय हा माणूस! मला हसूच आलं. म्हटलं, “आधी सांगा, मग काड्या.” आणि आज सकाळी त्यानं सांगितलं हो, सोसायटीच्या पायरीवर, दूध घालायला आलेल्या सगळ्यांच्या समोर. बाबू होता तिथं. त्यानं जसंच्या तसं ऐकवलं: “पेरू मास्तरांचाच हाय. माझं रोप निस्तं बाप म्हणून गेलंय.” लोक हसले म्हणे. हसू देत. काड्या देणार आहे त्याला. तुम्हीही दिल्या असत्या, नाही म्हणू नका.

आता एक गोष्ट. रागावू नका.

तुमच्या पेरूत खोट आहे. झाडावरून काढला की दोन दिवसांत मऊ पडतो, साल काळवंडते. गावात वाटायला ठीक, पण कोल्हापूरच्या बाजारापर्यंत गेला तर विकायच्या आधी लोळतो. हे मला फार आधीपासून दिसत होतं, पण लोक नावं ठेवत असताना मी कशी ठेवू? तेव्हा कुणी ‘लवकर मऊ पडतो’ म्हटलं तर मी भांडायची. आता तो तुमचा आहे हे पक्कं झालं, तेव्हा त्याला नावं ठेवायचा हक्क मला मिळाला.

तबस्सुमला सांगितलं. ती म्हणाली, टिकाऊ सालीचं एक वाण आहे, त्याची रोपं ती पाठवेल. ती मोठी होऊन फुलतील तेव्हा त्यांचे पराग आपल्या झाडाच्या कळ्यांना लावायचे. मी विचारलं, लावणार कोण? तर म्हणते, “तुम्हीच की काकू.” मी! जिनं आयुष्यभर त्या चिमट्याला शिव्या घातल्या, ती!

पण या हंगामाच्या कळ्या आल्यात, आणि मी सरावाला सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी तीन कळ्या मोडल्या. तुम्ही सांगायचा तसं देठाला धरायचं, पाकळीला नाही, हे आता हाताला कळलंय. चष्मा लावून, जीभ दातांत धरून बसते. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, “अगदी सरांवाणी दिसायलीयस.” बरं वाटलं हो.

तर हे वचन घ्या. नवी रोपं फुलली की मी कळ्या बांधीन, बिया पेरीन, रोपं लावीन. जे फळ चांगलं निघेल त्याला चांगलं म्हणेन, आणि वाईट निघेल त्याला, तुमच्या झाडाचं असलं तरी, तोंडावर वाईट म्हणेन. ते फळाला येईपर्यंत मी असेन की नसेन, याचा विचार करणार नाही. तुम्ही तरी कुठं केला होतात? मी नसले तर तबस्सुम चाखेल, नेहा चाखेल, पद्मा तर चाखून भांडेलही.

पेरते आहे, एवढं तुम्हाला कळवलं. पुढचं पुढं. आधी उगवू दे.

तुमची,
सुलू